रायफलीवरची दुर्बीण: कोणती घ्यावी, आणि कधी घेऊच नये

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस म्हणून नोकरी आणि बालेवाडीच्या रेंजवर दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली सराव, असं त्याचं तेव्हाचं आयुष्य. ज्यांनी कधी रायफल हातात धरलेली नाही, अशांच्याही तोंडी त्याचं नाव झालं आणि त्याबरोबर एक प्रश्नही आला: पन्नास मीटरवरचं इतकं बारीक दिसतं कसं? रायफलीवर दुर्बीण असते ना?

नसते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार या प्रकारात रायफलीवर भिंग लावताच येत नाही. चष्मा लागत असेल तर तो नेमबाजानं स्वतःच्या डोळ्यावर लावायचा.

दुसरा प्रश्न असतो घरी एअर रायफल आणलेल्यांचा: दुर्बीण कितीची घेऊ? दुकानात ३-९×४०, ४×३२, ६-२४×५० असे आकडे लिहिलेले खोके समोर येतात आणि हात आपोआप मोठ्या आकड्याकडे जातो. या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाच्या पोटात आहे. कुसाळेनं दुर्बिणीशिवाय काय साधलं हे आधी कळलं, तर दुर्बीण नेमकी कशासाठी असते तेही कळेल.

१. सरासरी सहा मिलिमीटर

पन्नास मीटरच्या लक्ष्यावरचा काळा गोल ११२.४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच्या पोटात दहा गुणांचं वर्तुळ असतं, फक्त १०.४ मिलिमीटरचं. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. गोळीचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटरवर असेल तर १०.०, आणि पुढे दर ०.८ मिलिमीटर जवळ गेल्यावर ०.१ गुण जास्त. सर्वाधिक १०.९.

कुसाळेचे गुण होते ४५१.४. तिसरा क्रमांक ठरेपर्यंत ४४ गोळ्या झाडल्या जातात. भागाकार केला की सरासरी येते १०.२६. म्हणजे १०.० च्या वर ०.२६, म्हणजे आठ मिलिमीटरच्या दोन मिलिमीटर आत. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून झाडलेल्या त्या ४४ गोळ्या केंद्रापासून सरासरी साधारण सहा मिलिमीटरवर पडल्या.

आता डोळ्याचा हिशेब. अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक मिनिट. निरोगी डोळा साधारण एक मिनिटाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. पन्नास मीटरवर एक मिनिट म्हणजे १४.५ मिलिमीटर. दहाचं वर्तुळ त्याहून लहान, आणि त्याची रेघ तर केसासारखी बारीक. ते वर्तुळ नेमबाजाला दिसतच नाही! दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये प्रकरण आणखी टोकाला जातं. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

जे दिसत नाही त्यावर नेम धरायचा कसा? उत्तर असं की त्यावर नेम धरायचाच नाही. नेम धरायचा तो काळ्या गोलावर. तो पन्नास मीटरवरही जवळजवळ आठ मिनिटांचा, म्हणजे ठळक दिसतो.

२. डोळ्याची खरी अडचण

साध्या एअर गनला मागे खाच असते, पुढे काडी असते आणि समोर लक्ष्य असतं. आपल्याकडे स्पर्धांत याला ओपन साइट म्हणतात. तीन वस्तू, तीन वेगवेगळ्या अंतरांवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, त्यामुळे एक वस्तू नीट दिसली की उरलेल्या दोन धूसर होतात. नेम चुकण्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं. लक्ष्य लहान दिसतं ही तक्रार नंतरची.

पीप साइटनं ही अडचण बरीच सोडवली. मागच्या खाचेऐवजी साधारण एक मिलिमीटरचं भोक आणि पुढे काडीऐवजी एक कडं. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. चष्मा नसताना मूठ आवळून तिच्या फटीतून पाहिलं तर दूरची पाटी वाचता येते, ती याच कारणानं. मग काम एवढंच उरतं: भोकाच्या मधोमध कडं, कड्याच्या मधोमध काळा गोल, आणि गोलाभोवतीची पांढरी पट्टी सगळीकडून सारखी. बारीक रेघ ओळखण्यात आपला डोळा जेवढा चांगला, त्यापेक्षा किती तरी पटींनी तो अशी समानता ओळखण्यात चांगला असतो. पट्टी डावीकडे किंचित जाड झाली की लगेच जाणवतं. न दिसणाऱ्या दहावर गोळी जाते ती या गुणामुळे.

पण चुकीला जागा किती कमी, तेही पाहा. मागच्या भोकापासून पुढच्या कड्यापर्यंतचं अंतर ७५ सेंटिमीटर धरू. कडं एक दशांश मिलिमीटरनं, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकं, बाजूला राहिलं. पन्नास मीटर म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या ६७ पट. तेव्हा लक्ष्यावरची चूक झाली ६.७ मिलिमीटर. बाकी सगळं अचूक असूनही गुण १०.१ वर आले. बालेवाडीत मुलं तासन्‌तास गाल रायफलीच्या दस्त्यावर त्याच जागी टेकवण्याचा सराव करतात, तो या कागदाच्या जाडीसाठी.

३. भिंगानं काय बदलतं

दुर्बिणीचं पुढचं भिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करतं. त्या प्रतिमेच्याच पातळीवर, काचेवर कोरलेल्या किंवा तारेच्या बारीक रेघा बसवलेल्या असतात. यांना क्रॉसहेअर किंवा रेटिकल म्हणतात. डोळ्याजवळचं भिंग या दोन्ही गोष्टी एकत्र मोठ्या करून दाखवतं. म्हणजे लक्ष्य आणि रेघा आता एकाच अंतरावर आहेत. डोळ्याला एकीकडून दुसरीकडे धावावं लागत नाही, आणि मागचं-पुढचं जुळवण्याचंही कारण उरत नाही.

दुर्बिणीची खरी देणगी ही आहे, आणि खोक्यावर तिचा आकडा लिहिलेला नसतो. चाळिशीनंतर ज्यांना पुढची साइट अंधूक दिसू लागते, त्यांना चार पटींची साधी दुर्बीणसुद्धा नवी दृष्टी दिल्यासारखी वाटते. त्यातला मोठा वाटा लक्ष्य मोठं झाल्याचा नसतो, धावपळ संपल्याचा असतो.

मोठं दिसण्याची गरज किती, हेही मोजता येतं. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ ०.७ मिनिटाचं. चार पट केलं की २.९ मिनिटांचं झालं. डोळ्याची मर्यादा एक मिनिट, तेव्हा ते आता आरामात दिसतं. धावत्या लक्ष्याच्या दहा मीटर एअर रायफल प्रकारात दुर्बिणीला परवानगी आहे, आणि तिथे नियमानं मर्यादा चार पटींचीच आहे. हा प्रकार २००४ च्या अथेन्सपर्यंत ऑलिंपिकमध्ये होता. जगातले उत्तम नेमबाज हलत्या लक्ष्यावर चार पटींत भागवत होते.

४. मोठ्या आकड्याची किंमत

दुर्बीण लक्ष्य मोठं करते, तसा हाताचा कंपही मोठा करते. उभं राहून पन्नास मीटरवर नेम धरताना नवख्याची रायफल लक्ष्यावर समजा पाच सेंटिमीटर इकडेतिकडे फिरते. चार पटींत ती हालचाल वीस सेंटिमीटरची भासते, चोवीस पटींत एक मीटर वीस सेंटिमीटरची. प्रत्यक्षात हात तेवढाच हलतो आहे. पण रेघा अशा सैरावैरा पळताना पाहिल्या की माणूस त्यांना पकडायला जातो, आणि रेघा मधोमध आल्या त्या क्षणी ट्रिगर हिसकतो. नेम तिथेच बिघडतो. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून मारणारे बेंचरेस्ट नेमबाज ३६ पट किंवा त्याहून मोठी दुर्बीण सुखानं वापरतात, कारण तिथे हात जवळजवळ बाजूलाच असतो. खांद्यावरून मारणाऱ्यानं त्यांचं पाहून दुर्बीण घेणं मला मुळीच पटत नाही.

दुसरी किंमत दृश्याच्या रुंदीची. शंभर मीटरवर चार पटींतून साधारण नऊ-दहा मीटरचा पट्टा दिसतो, चोवीस पटींतून जेमतेम दीड मीटरचा. रेंजवर शेजारशेजारी सारखीच लक्ष्यं लावलेली असतात. अरुंद दृश्यात आपलं कोणतं हे शोधण्यातच श्वास संपतो.

तिसरी उजेडाची, आणि इथे खोक्यावरचा दुसरा आकडा कामाला येतो. ३-९×४० मधले ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. त्याला पटींनी भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. तीन पटींत १३.३ मिलिमीटर, नऊ पटींत ४.४. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, अंधारात तरुण डोळ्यात सातपर्यंत उघडते आणि वय वाढेल तशी कमी. झोत बाहुलीपेक्षा जाड असला की चित्र उजळ राहतं आणि डोळा थोडा हलला तरी नाहीसं होत नाही. त्याहून बारीक झाला की चित्र मंद होतं. ६-२४×५० ही दुर्बीण चोवीस पटींत २.१ मिलिमीटरचा झोत देते. संध्याकाळी ती काळवंडते, आणि डोळा केसभर सरकला की समोर काळं येतं. भिगवणला पक्षी पाहायला जाणाऱ्यांची आवडती दुर्बीण ८×४२ का असते, याचंही उत्तर हेच: ५.२५ मिलिमीटर. पहाटेच्या उजेडाला तेवढी जाडी लागते.

मग भिंगच मोठं घ्यावं का? पन्नास किंवा छप्पन्न मिलिमीटरचं भिंग जड असतं आणि रायफलीच्या नळीला अडू नये म्हणून दुर्बीण उंच बसवावी लागते. उंच बसवली की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो. वर सांगितलेला तो गालाचा सराव मग वाया.

एक किंमत आपल्या हवेची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात सकाळी दहानंतर रेंजच्या तापलेल्या जमिनीवरून झळा उठू लागतात. कमी पटींत त्या जाणवत नाहीत. जास्त पटींत लक्ष्य पाण्याखाली ठेवल्यासारखं लवलवताना दिसतं. महागडं भिंगही ते थांबवू शकत नाही.

५. पॅरलॅक्स: न सांगितलेला आकडा

स्कूटरच्या मागच्या सीटवरून वेगाचा काटा पाहिला तर तो चालवणाऱ्याला दिसतो त्याहून वेगळ्या आकड्यावर दिसतो. काटा आणि आकडे एका पातळीवर नसतात, म्हणून नजरेची जागा बदलली की उत्तर बदलतं. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा रेघांच्या अगदी पातळीवर पडली नाही तर हेच होतं. त्याला पॅरलॅक्स म्हणतात.

प्रतिमा एका ठरावीक अंतरासाठीच बरोबर पातळीवर पडते. मोठ्या रायफलींच्या साध्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांसाठी, म्हणजे सुमारे ९१ मीटरसाठी, कारखान्यात पक्क्या केलेल्या असतात. ही दुर्बीण दहा मीटरच्या एअर रायफलीवर लावली तर काय होईल? हिशेबाला सोपं म्हणून शंभर मीटर आणि चाळीस मिलिमीटरचं भिंग धरू. जास्तीत जास्त चूक म्हणजे भिंगाच्या निम्म्या व्यासाला अंतरांतल्या फरकानं गुणायचं आणि ठरावीक अंतरानं भागायचं. वीस गुणिले नव्वद भागिले शंभर: अठरा मिलिमीटर. पन्नास मीटरवर तीच दुर्बीण दहा मिलिमीटरपर्यंत फसवेल. डोळा अगदी मधोमध ठेवला तर ही चूक शून्य होते, पण ते दर वेळी जमेलच असं नाही.

म्हणून घराच्या गच्चीवर किंवा अंगणात दहा-पंधरा मीटरवर मारणाऱ्यानं पटींच्या आकड्याआधी पॅरलॅक्सचा आकडा विचारावा. पुढच्या भिंगाभोवतीच्या कड्यानं किंवा डाव्या बाजूच्या बटणानं हे अंतर बदलता येतं. ते दहा मीटरपर्यंत खाली येतं का, एवढंच पाहायचं. तपासणीही सोपी आहे. रायफल पिशवीवर स्थिर ठेवा, तिला हात न लावता डोकं हळूच वरखाली करा. रेघा लक्ष्यावर सरकल्या तर पॅरलॅक्स आहे.

६. क्लिक मोजायचे कसे

दुर्बिणीवर दोन चाकं असतात, एक वरखाली करण्यासाठी आणि एक डावीउजवीकडे. बहुतेक दुर्बिणींवर एका क्लिकला पाव मिनिट सरकतं. शंभर मीटरवर एक मिनिट २९ मिलिमीटर, म्हणून क्लिक सुमारे सात मिलिमीटरचा. पन्नास मीटरवर ३.६ मिलिमीटर, दहा मीटरवर ०.७.

पाच गोळ्या मारल्या आणि त्यांचा ग्रुप पन्नास मीटरवर मध्यापासून १८ मिलिमीटर खाली आणि ११ मिलिमीटर उजवीकडे पडला. १८ भागिले ३.६ म्हणजे पाच क्लिक वर. ११ भागिले ३.६ म्हणजे तीन क्लिक डावीकडे. पुढच्या पाच गोळ्या मधोमध यायला हव्यात. एकाच गोळीवरून चाक फिरवत बसणं म्हणजे आपल्या हाताची चूक दुर्बिणीच्या माथी मारणं. निदान पाच गोळ्यांचा ग्रुप पाहावा.

चाकं विश्वासू आहेत की नाहीत, हेही कळतं. एक ग्रुप मारा. नेम त्याच ठिपक्यावर ठेवून वीस क्लिक वर, मग वीस उजवीकडे, मग वीस खाली, मग वीस डावीकडे असं करत दर कोपऱ्यात एकेक ग्रुप मारा. पन्नास मीटरवर ७२ मिलिमीटर बाजूचा चौरस उमटला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. स्वस्त दुर्बिणी काचेपेक्षा इथे जास्त वेळा नापास होतात. माझ्या मते चाकं प्रामाणिक असलेली चार पटींची दुर्बीण बेभरवशाच्या चोवीस पटींपेक्षा केव्हाही चांगली.

७. पैसे देण्याआधी

आपल्याकडच्या बऱ्याच साध्या एअर रायफली स्प्रिंगच्या असतात. स्प्रिंग सुटली की रायफल आधी मागे जाते, आणि दट्ट्या पुढे जाऊन आदळला की उलट पुढे झटका बसतो. बारूदाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेचा असतो. त्या मोठ्या धक्क्याला पुरून उरलेली दुर्बीणही स्प्रिंगच्या या दुहेरी झटक्यानं आतून खिळखिळी होते: रेघा तिरक्या होतात किंवा ग्रुप रोज नव्या ठिकाणी पडू लागतो. एअर गनसाठी बनवलेली आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल तीच घ्यावी. ज्या कड्यांनी ती बसते त्यांना मागे सरकू न देणारी खीळ असावी. एअर रायफलीवर आणि ५.६ मिलिमीटरच्या पॉइंट टू टू रायफलीवर बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते, तेव्हा कडी त्या मापाचीच हवीत.

मोठ्या रायफलीसाठी दुर्बीण डोळ्यापासून किती दूर धरून चित्र पूर्ण दिसतं ते पाहावं. आठ-दहा सेंटिमीटर तरी हवं, नाही तर धक्क्यासरशी नळीची कड भुवईवर येते. आणि नळी तीस मिलिमीटरची असली की उजेड जास्त, असं दुकानदार सांगतात. तसं नाही. जाड नळीत रेघा सरकवायला जागा जास्त मिळते, एवढाच तिचा फायदा.

पावसाळा हा दुर्बिणीचा मोठा शत्रू. नायट्रोजन भरून बंद केलेली नळी आतून धुरकटत नाही, पण बाहेरच्या काचेवर बुरशी धरतेच. जून ते सप्टेंबर रेक्झिनच्या पेटीत किंवा फोमच्या खोक्यात दुर्बीण ठेवू नये. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावी आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. बुरशीचे धागे एकदा काचेवरचा लेप खाऊ लागले की पुसून जात नाहीत.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. रायफलीवरची दुर्बीण पाहण्यासाठी वापरू नये. समोरच्या झाडावर कोण बसलंय हे तिच्यातून बघणं म्हणजे त्याच्यावर नळी रोखणं. पाहायला वेगळी दुर्बीण हवी. शिकारीचा तर प्रश्नच नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो मिटवला. बारूदाच्या रायफलीला परवाना लागतो आणि पुणे शहरात तो पोलीस आयुक्तालयातून मिळतो.

आणि ज्या मुलामुलीला कुसाळेसारखं, किंवा २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती ठरलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतसारखं स्पर्धेत उतरायचं आहे, त्याच्यासाठी दुर्बीण घेऊच नये. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी उभ्या केलेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांत, त्यांच्याच नावाच्या मावळंकर स्पर्धेपासून वर, ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. त्या पैशात चांगल्या छर्‍यांचे डबे येतात, एका मापाचे, एका वजनाचे. अंगाला बसेल असं शूटिंग जॅकेट येतं. पीप साइटसमोर काळ्या गोलाभोवतीची पांढरी पट्टी सारखी ठेवायला शिकण्यात एक वर्ष जातं, आणि ते वर्ष दुर्बिणीतून पाहत घालवलं तर पुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.